चुकलेला ठसा की बिघडलेले नाणे? नवख्या संग्राहकांसाठी पारखण्याच्या पायऱ्या

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नाण्यांचा ढीग चाळताना एखादे कडेला कापल्यासारखे, एका बाजूने सपाट किंवा भलत्याच रंगाचे नाणे हाती लागले, की नवख्या संग्राहकाला पहिल्यांदा वाटते ते हेच, की आपल्याला 'एरर कॉइन', म्हणजे टांकसाळीतच चुकलेले नाणे, मिळाले. प्रत्यक्षात अशी बहुतेक नाणी टांकसाळीतून निर्दोष बाहेर पडलेली असतात आणि पुढे माती, पाणी, आम्ल, आग, हातोडी किंवा कानस यांनी त्यांची ती अवस्था केलेली असते. हा फरक ओळखण्यासाठी वर्षानुवर्षांचा अनुभव असावाच लागतो असे नाही, पण तपासण्याचा क्रम मात्र पाळावा लागतो. तो क्रम मी या लेखात मांडत आहे.

सर्वप्रथम नाणे घडते कसे ते थोडक्यात पाहू, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात आणि मग त्यांची कड दाबून किंचित उंच केली जाते. अशी तयार चकती 'कॉलर' नावाच्या पोलादी कड्यात बसते आणि वरचा व खालचा साचा तिच्यावर प्रचंड दाबाने आदळतात. त्या एका क्षणात धातू साच्याच्या खोलगट भागांत शिरतो, छापा आणि काटा एकदमच उमटतात आणि कॉलरमुळे कडेला नेमका आकार येतो. त्यामुळे अस्सल चूक तीनच ठिकाणी होऊ शकते: चकतीत, साच्यात किंवा ठसा पडण्याच्या क्षणी. नाणे त्या यंत्रातून खाली पडल्यानंतर त्याला जे काही होते ते सारे नुकसान होय, मग ते निसर्गाने केलेले असो वा माणसाने. म्हणून हातातल्या प्रत्येक नाण्याबाबत एकच प्रश्न विचारायचा, की ही खूण ठसा पडण्याआधीची आहे, ठसा पडतानाची आहे की ठसा पडून गेल्यानंतरची?

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा लहान काटा, व्हर्नियर कॅलिपर, एक छोटे लोहचुंबक आणि ज्याची मान वळवता येते असा टेबललॅम्प एवढे पुरेसे आहे. याखेरीज आणखी एक गोष्ट हवी, आणि ती बहुतेकांकडे नसते: त्याच मूल्याची, त्याच वर्षाची आणि त्याच टांकसाळीची चार-पाच साधी नाणी. संशयित नाणे एकटे पाहिले तर डोळा फसतो, तेच साध्या भावंडांच्या ओळीत ठेवले की वेगळेपण कुठून सुरू होते ते दिसू लागते.

पहिली पायरी म्हणजे नाणे धुऊ नये, पुसू नये, चिंच-मिठाने तर मुळीच घासू नये. हा नियम मी स्वतः एक नाणे गमावून शिकलो. माझ्या संग्रहाच्या सुरुवातीच्या काळात पाच रुपयांचे जुने जाड नाणे मला तांबूस रंगाचे मिळाले आणि ते चुकीच्या धातूवर ठोकलेले असावे अशा समजुतीने मी त्याचे चांगले पैसे मोजले. घरी भिंगाखाली पाहिले तेव्हा अक्षरांच्या पायथ्याशी आणि खोलगट भागांत तांबूसपणा गडद होता, तर अशोकस्तंभावरच्या सिंहांच्या सर्वांत उंच भागावर आणि कडेवर मूळचा पांढुरका धातू डोकावत होता. वजनही जवळजवळ 9 ग्रॅमच भरले, म्हणजे नेहमीच्या तांबे-निकेलच्या नाण्याइतके. तांब्याची भांडी आंबट पाण्यात घासली की थोडे तांबे त्या पाण्यात उतरते, आणि त्याच पाण्यात लोखंडी तारेची घासणी असेल तर ते तांबे तिथल्या नाण्यावर पातळ थराने चढू शकते. सराफांच्या आम्लात लोखंडी चिमटा पडला की चांदीचा दागिना तांबडा होतो, तोच हा प्रकार. मी खात्री करून घेण्यासाठी ते नाणे घासले आणि तांबूस थराबरोबर त्याची उरलीसुरली झळाळीही गेली. नाणे साधेच होते, पण न घासताही ते मला कळले असते.

दुसरी पायरी वजन, व्यास आणि चुंबक यांची. येथे नवख्यांची सर्वाधिक फसगत होते, कारण आपल्याकडे एकाच मूल्याची नाणी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या धातूंत आणि मापांत निघाली आहेत. पाच रुपयांचे 1992 पासूनचे तांबे-निकेलचे नाणे 9 ग्रॅमचे आणि 23 मिलिमीटरचे आहे. 2007 साली त्याच व्यासाचे, पण 6 ग्रॅमचे स्टीलचे नाणे आले. आणि 2009 पासून पिवळसर निकेल-ब्रासचे नाणे आले, तेही 6 ग्रॅमचेच. हे ठाऊक नसलेला माणूस 6 ग्रॅमच्या नाण्याला 'पातळ चकतीचे एरर' समजून बसतो. एक रुपयाचे 1992 पासूनचे स्टीलचे नाणे 4.85 ग्रॅम आणि 25 मिलिमीटरचे होते, तर 2011 च्या मालिकेत ते 3.79 ग्रॅम आणि सुमारे 22 मिलिमीटरचे झाले. शिवाय त्याच मालिकेतले दोन रुपयांचे नाणे जुन्या रुपयाच्या मापाचे, म्हणजे 4.85 ग्रॅम आणि 25 मिलिमीटरचे आहे. चुंबकाबद्दलही असाच गैरसमज आहे. चुंबकाला चिकटते ते लोखंडाचेच, असे नाही. 1962 चा शुद्ध निकेलचा 10 ग्रॅमचा रुपयाही चिकटतो. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचा मधला स्टीलचा भाग चिकटतो, बाहेरचे पिवळे कडे चिकटत नाही. म्हणून मोजलेले आकडे त्या-त्या वर्षाच्या अधिकृत मापाशी आणि आपल्याजवळच्या साध्या नाण्यांशी ताडून पाहिल्याशिवाय 'वजन कमी आहे' हे वाक्य उच्चारू नये.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दिवा एका बाजूने, जवळजवळ आडवा धरावा, नाणे हळूहळू फिरवावे आणि संशयित खूण पृष्ठभागाच्या वर उठलेली आहे की आत गेलेली आहे हे ठरवावे. साच्याला तडा गेला तर धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उंच उठलेली दिसते, आणि साच्यावर ओरखडा पडला तरीही तसेच होते. साच्याच्या कडेचा तुकडा तुटून पडला तर त्या जागी नाण्यावर कडेला लागून एक गुळगुळीत उंचवटा येतो. त्याला संग्राहक इंग्रजीतल्या 'cud' या नावाने ओळखतात. मराठीतल्या 'कड' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. उलट नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा आत गेलेला असतो आणि त्याच्या दोन्ही काठांवर नांगराच्या तासाप्रमाणे ढकलला गेलेला धातू दिसतो. नाण्यात आतून धातू भरण्याची सोय नंतर कोणाकडे नसते, त्यामुळे उंच उठलेली स्वच्छ रेघ ही बहुतांशी साच्याची साक्ष असते. अपवाद दोनच लक्षात ठेवावेत: चिकटलेली घाण वा डिंक, आणि गंजामुळे आतून फुगून आलेला फोड. घाण नाण्याच्या नक्षीवर बसते, नक्षीचा भाग होत नाही. गंजाचा फोड टोकाशी बहुधा फुटलेला असतो आणि त्याच्याखाली पोकळी असते.

खोलगट खूण मात्र सरसकट नुकसानीची समजू नये. ठसा पडताना साचा आणि चकती यांच्यामध्ये वंगण, धाग्याचा तुकडा किंवा धातूचा कपचा आला तर त्याचा आकार नाण्यात खोल उमटतो. अशा खळग्याचा तळ गुळगुळीत असतो, काठ मऊ उतरते असतात आणि आजूबाजूच्या पृष्ठभागाची चक्राकार फिरणारी झळाळी त्या काठापर्यंत अखंड येते. साच्याच्या खोबणीत वंगण साचले तर एखादे अक्षर किंवा आकडा अंधुक होतो वा नाहीसाच होतो, पण त्या जागेचा पृष्ठभाग बाकीच्या मैदानाशी, म्हणजे नक्षी नसलेल्या सपाट भागाशी, समतल आणि तितकाच सफाईदार राहतो. खरवडून काढलेल्या आकड्याच्या जागी भिंगाखाली समांतर बारीक ओरखडे आणि किंचित खळगा दिसतोच.

टांकसाळीच्या चिन्हाबाबत हीच सावधगिरी घ्यावी. वर्षाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता, ही ओळख सर्वांना असते. पण गंजाने किंवा मळाने नोएडाचा ठिपका बुजला की 'चिन्ह विसरलेले नाणे' म्हणून ते पुढे केले जाते. ठिपका होता की नव्हता, हे आडव्या प्रकाशात त्या जागी उरलेल्या किंचित उंचीवरून बहुतेक वेळा कळते.

आता काही ठरावीक प्रकार पाहू. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेले नाणे, म्हणजे 'क्लिप', हा नवख्यांचा आवडता प्रकार. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकाशी छेद गेला तर चकती अपुरी निघते. अशा चकतीची कड उंच करताना तुटक्या भागासमोरच्या बाजूलाही पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून क्लिपच्या बरोबर समोरची कड बहुतेकदा बसकी आणि अंधुक दिसते. याला 'ब्लेकस्ली इफेक्ट' म्हणतात. शिवाय क्लिपजवळची अक्षरे तुटक्या कडेच्या दिशेने किंचित ताणल्यासारखी दिसतात, कारण ठसा पडताना धातू त्या मोकळ्या जागेकडे सरकतो. नंतर कात्रीने वा करवतीने कापलेल्या नाण्यात अक्षरे मध्येच साफ तुटतात, कापलेल्या काठावर पाते चालल्याच्या रेघा असतात आणि समोरची कड अगदी ठणठणीत असते. समोरची कड बसकी नसली म्हणजे क्लिप खोटीच, असे मात्र मानू नये. पण बाकीच्या खुणांचा पुरावा मग अधिक भक्कम लागतो.

भारतीय संग्राहक ज्याला 'लाखी' म्हणतात तो दोष, म्हणजेच ब्रॉकेज, फार देखणा असतो आणि त्याची नक्कलही तितकीच होते. ठोकलेले नाणे साच्यातून सुटले नाही आणि त्याच्यावर पुढची चकती आली, तर त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचा ठसा आणि दुसऱ्या बाजूला तोच ठसा उलटा, आरशातल्यासारखा आणि खोल उमटतो. नक्कल करणारे दोन साधी नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबतात. त्यामुळे आरशासारखी प्रतिमा उमटते खरी, पण तिच्याखाली मूळच्या नक्षीचे चेपलेले अवशेष राहतात. अस्सल लाखीत त्या बाजूला मूळची नक्षी कधी उमटलेलीच नसते, म्हणून तिथे उलट्या प्रतिमेशिवाय दुसरे काही सापडत नाही.

नेहमीपेक्षा मोठ्या व्यासाच्या नाण्याबाबत वजन उपयोगी पडत नाही, कारण कॉलरबाहेर ठोकलेल्या नाण्याचे वजन आणि नंतर हातोडीने वा रेल्वेच्या रुळावर चपटे केलेल्या नाण्याचे वजन दोन्ही मूळच्याइतकेच भरते. तिथे उठाव पाहावा. कॉलर सुटून ठोकलेल्या नाण्याची मधली नक्षी खणखणीत असते, फक्त कड पसरलेली आणि दातेरी खाचांशिवाय असते. रुळावर ठेवलेल्या नाण्याची नक्षी दोन्ही बाजूंनी एकाच दिशेने लांबते आणि तिची उंची सगळीकडे जाते.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यासाठी एक सोपी आणि जवळजवळ निर्णायक कसोटी आहे. मधला गोल आणि बाहेरचे कडे एकत्र बसवल्यानंतरच ठसा पडतो, म्हणजे दोघांवरची नक्षी एकाच साच्यातून येते. त्यामुळे कड्यावरच्या 'भारत' या अक्षरांच्या मानाने मधला अशोकस्तंभ तिरका असणे ठशाच्या वेळी शक्य नसते. स्तंभ तिरका दिसला, तर मधला गोल नंतर काढून किंवा सैल होऊन फिरलेला आहे, असे खुशाल समजावे. साचा फिरल्याचा दोष निराळा दिसतो: त्यात छाप्याच्या बाजूला मध्य आणि कडे आपापसांत बरोबर जुळतात, काट्याच्या बाजूलाही जुळतात, पण नाणे आडवे उलटल्यावर दुसरी बाजू सरळ न येता वाकडी येते. प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात, म्हणून ही तपासणी कुठल्याही नाण्यावर करता येते. अंगठा आणि तर्जनीत नाणे वर-खाली धरावे आणि उभ्या अक्षाभोवती फिरवावे.

दुहेरी अक्षरे दिसणाऱ्या नाण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ठसा पडून साचा उचलला जाताना किंचित सरकला तर अक्षरांच्या कडा खरवडल्या जाऊन पायरीसारखी सपाट सावली दिसते. याला 'मशीन डबलिंग' म्हणतात. आपल्या नाण्यांत ती सर्रास आढळते आणि तिला वेगळी किंमत नाही. साच्यातच दुहेरी कोरले गेले असेल, तर दोन्ही प्रतिमांना गोलाई आणि उंची असते आणि अक्षरांच्या टोकांना स्पष्ट फाटे दिसतात.

पर्यावरणाने केलेले नुकसान प्रत्येक धातूवर वेगळे उमटते. ते धातूनिहाय ओळखायला शिकल्यास निम्मे संशय तिथेच मिटतात. तांबे आणि पितळ यांच्यावर ओल आणि आम्ल यांमुळे हिरवा कळंक चढतो. तो काढला की खाली खडबडीत, दाणेदार खळगे सापडतात, आणि ते मैदान, अक्षरे आणि कड या सगळ्यांवर मनमानी पसरलेले असतात. ॲल्युमिनियमची जुनी पैशांची नाणी दमट जागी पांढरट पूड धरतात आणि त्यांच्यावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात. स्टीलची नाणी हिरवी कधीच होत नाहीत, पण नदीत, विहिरीत वा मंदिराच्या कुंडात फार काळ राहिली तर त्यांच्यावर तपकिरी ठिपके आणि त्याखाली खोल बारीक खड्डे येतात. आगीत सापडलेल्या स्टीलच्या नाण्यावर गवती पिवळा, तपकिरी, जांभळा आणि निळा असे रंग एकमेकांत मिसळत जाताना दिसतात. हे तापल्याचे रंग असून त्यांचा चकतीशी संबंध नाही.

आम्लाने पातळ झालेले नाणे ओळखणे जरा अधिक कठीण असते. आम्ल सर्व बाजूंनी सारखेच खाते, म्हणून वजन आणि व्यास दोन्ही कमी होतात, अक्षरे किडकिडीत होऊन त्यांच्यामधली अंतरे रुंदावतात आणि पृष्ठभागाला मंद, मखमली खरखर येते. खरोखर पातळ चकतीवर ठोकलेल्या नाण्याचा व्यास मात्र पूर्ण असतो, कारण कॉलर तीच असते. त्याची नक्षी काही जागी, विशेषतः जिथे दोन्ही बाजूंचा उठाव समोरासमोर येतो तिथे, कच्ची राहते, आणि पृष्ठभागावरची झळाळी शाबूत असते. पापुद्रा सुटलेल्या नाण्यात, म्हणजे 'लॅमिनेशन'मध्ये, सुटलेल्या जागेच्या तळाशी पट्टी लाटल्याच्या समांतर रेघा दिसतात. गंजाच्या खड्ड्यात अशा रेघा नसतात. त्या जागेत नक्षीचा अंधुक भाग उमटलेला असेल तर पापुद्रा ठशापूर्वीच गेला होता, हेही कळते.

पुण्यात राहणाऱ्यांना एक वेगळी सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे शिवराई आणि पेशवाईतला अंकुशी रुपया घराघरांतून निघतात, आणि आधुनिक नाण्यांचे नियम लावून त्यांना 'ऑफ सेंटर' ठरवले जाते. ती नाणी हाताने, हातोडीने ठोकलेली आहेत. चकतीपेक्षा साचा मोठा असल्यामुळे शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरे अपुरी उमटणे, आकार वेडावाकडा असणे, ठसा सरकलेला असणे हे त्यांचे नेहमीचे रूप आहे. चांदीच्या जुन्या रुपयांवरचे छोटे ठोकेही टांकसाळीचे नसतात. ते सराफांनी चांदी पारखण्यासाठी मारलेल्या खुणा असून इतिहास म्हणून मोलाचे असले, तरी दोष म्हणून त्यांची नोंद करू नये. जमिनीत गाडलेले नाणे सापडले तर त्याला 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो आणि शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांबाबत 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

शेवटची पायरी नोंदीची. वर्ष, टांकसाळ, वजन, व्यास, चुंबकाचा निकाल, खूण उंच की खोल, आणि ती ठशापूर्वीची, ठशावेळची की नंतरची याबद्दलचे आपले मत, इतके एका कागदावर लिहावे. आडव्या प्रकाशातली दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे सोबत जोडावीत. मगच नाणे एखाद्या अनुभवी संग्राहकाला दाखवावे. मत ठरत नसेल तर पाकिटावर सरळ 'नुकसान' असे लिहून ठेवावे आणि त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क वा कमिशन उकळणाऱ्यांबद्दल त्या बँकेने 2021 साली जाहीर इशारा दिलेला आहे. माझ्याकडे 'नुकसान' असे लिहिलेली पाकिटे एका वेगळ्या डब्यात आहेत, आणि नवीन नाणे आले की मी ते आधी त्या डब्यातल्या नाण्यांशी ताडून पाहतो.